"आई, मी व्हिलन आहे का?" – मुलांचे ॲनिमेशनपट, त्यातले ठोकळे आणि आपण पालक

रानजाई:

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी तो झोपाळ्यावरून पडला आणि डाव्या भुवईपासून गालापर्यंत मोठी जखम झाली. डोळा वाचला, टाके निघाले, व्रण राहिला. घरात आम्ही त्याबद्दल मोकळेपणानं बोलतो. कुणी विचारलं की "झोपाळ्यावरून पडलो होतो" असं तो सांगायचा आणि खेळायला पळायचा.

गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलानं त्याला 'स्कार' म्हणून हाक मारली. दोन दिवसांत आणखी तीन-चार जण तसंच म्हणायला लागले. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. दिवा मालवल्यावर अंधारात त्यानं विचारलं, "आई, मी व्हिलन आहे का?"

'द लायन किंग' (१९९४) आमच्या घरात सगळ्यांचा लाडका आहे. लहानपणापासून मी तो इतक्या वेळा पाहिलाय की संवाद पाठ आहेत. त्यातल्या खलनायकाचं नावच 'स्कार', म्हणजे 'व्रण', आहे, तोही डाव्याच डोळ्यावरचा, हे मला इतक्या वर्षांत एकदाही जाणवलं नव्हतं. मग एकेक आठवत गेले. 'पीटर पॅन' (१९५३) मधला हूक. हात तुटला म्हणून त्या जागी बसवलेला आकडा, आणि त्याच आकड्यावरून नाव. 'द लिटिल मर्मेड' (१९८९) मधली उर्सुला जाड. 'अलादीन' (१९९२) मधला जाफर काटकुळा, वाकड्या दाढीचा. आपल्याकडच्या 'छोटा भीम'मध्ये दांडगाई करणारा मुलगा अंगानं थोराड आणि नाव कालिया. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कानाला त्या नावात 'काळा' सोडून दुसरं काय ऐकू येणार?

त्या रात्री मी "वेडा आहेस का, झोप" म्हटलं आणि त्याला थोपटत राहिले. ते उत्तर नव्हतं हे मला तेव्हाच कळत होतं. म्हणून इथे विचारतेय. तुम्ही मुलांना हे चित्रपट दाखवता का? सोबत बसता का? मध्ये बोलता का? की बंदच केलेत?

कंदील:

मुलाला त्रास झाला हे वाईटच. पण याचं खापर चित्रपटावर फोडणं मला पटत नाही. राक्षस, चेटकिणी, दुष्ट राण्या ऐकत आपण सगळे मोठे झालो. गोष्ट वेगळी आणि खरं जग वेगळं, हे मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं. चिडवणारी मुलं काही ना काही शोधतातच. स्कार नसता तर दुसरं नाव मिळालं असतं. मुलाला खंबीर करा, प्रत्येक चित्रपट चाळणीतून गाळत बसलात तर त्याला जगच दाखवता येणार नाही.

रानजाई:

कंदील, सिंह बोलत नाहीत हे माझ्या मुलाला माहीत आहे, त्याला नाव ठेवणाऱ्या मुलालाही माहीत असणार. गोष्ट आणि खरं यात त्यांचा गोंधळ झालेला नाही. चेहऱ्यावर खूण असणारा माणूस कसा असतो, एवढं मात्र ते त्या गोष्टीतून उचलून आले. मुलाला खंबीर करायचंय हे खरंच. पण आपण काय दाखवलं हेही मला तपासायचंय.

रेघोटी:

मी ॲनिमेशनमध्ये पात्ररचनेचं काम करते, म्हणून आतली बाजू सांगते.

पात्र आखताना पहिला नियम असा की नुसती काळी सावली दिसली तरी ते कोण हे कळलं पाहिजे. गोल आकार म्हणजे प्रेमळ, चौकोनी म्हणजे भक्कम, टोकदार त्रिकोणी म्हणजे धोका. हे शिकवलं जातं आणि ते उपयोगी आहे, कारण ऐंशी-नव्वद मिनिटांत गोष्ट संपवायची असते आणि समोर चार वर्षांचं मूल असतं. त्रिकोणानं कुणाचं मन दुखावत नाही. अडचण पुढे सुरू होते. आकार कमी पडला की आपण खऱ्या माणसांच्या शरीरावरच्या गोष्टी उचलतो. व्रण, कुबड, लंगडणं, पडलेले दात, मोठं नाक, गडद कातडी. अलादीन आणि जाफर शेजारी ठेवून पाहा. दोघं एकाच शहरातले, पण नायक अमेरिकी पोरासारखा गुळगुळीत आणि परकेपणाच्या सगळ्या खुणा खलनायकाच्या वाट्याला.

एकदा मी आखलेलं पात्र "अजून वाईट दिसत नाहीये" असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, गालावर एक वार दे. मी दिला. दोन मिनिटांचं काम होतं आणि सगळे खूश झाले. रानजाई, तुमचा मजकूर वाचल्यापासून ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ब्रिटनमध्ये चेहऱ्यावर व्रण किंवा खुणा असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या 'चेंजिंग फेसेस' या संस्थेनं २०१८ मध्ये 'मी तुमचा खलनायक नाही' अशा अर्थाची मोहीम चालवली. त्यानंतर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण खलनायकीची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना ते पैसे देणार नाहीत. म्हणजे तुमच्या मुलानं अंधारात विचारलेला प्रश्न मोठ्या माणसांनीही उघडपणे विचारलाय.

त्याला 'फाइंडिंग निमो' (२००३) दाखवा. मत्स्यपेटीतला गिल हा मासा आठवतोय? अंगभर व्रण, एक पर फाटका, आणि निमोला धीर देणारा तोच. 'लुका' (२०२१) मधला मासिमोही दाखवा. आडदांड, एका हाताचा, पहिल्यांदा बघताना भीती वाटते. एक हात नसणं हे त्याचं रहस्य नाही आणि शोकांतिकाही नाही. जन्मापासून असाच आहे म्हणतो आणि कामाला लागतो.

उंबरठा:

मी सावत्र आई आहे. असं सरळ लिहायला मला चार वर्षं लागली.

माझं लग्न झालं तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. तिची आई आजारानं गेली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला सहज म्हटलं, खेळणी उचलून ठेव गं. ती उठली, सगळी खेळणी मुकाट्यानं टोपलीत भरली आणि म्हणाली, "आता फरशी पण पुसायची का?" ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आता हेच होणार. तिनं 'सिंड्रेला' (१९५०) पाहिला होता आणि तिच्या माहितीतली सावत्र आई फक्त तेवढीच होती.

मी तो चित्रपट घरातून काढून टाकला. ती मैत्रिणीकडे जाऊन बघून आली. आल्यावर दोन दिवस माझ्याकडे चोरून बघत होती. बंदीचा मला एवढाच अनुभव. चित्रपट तिच्यापर्यंत पोचलाच, फक्त बघताना मी शेजारी नव्हते.

पुढे मी या गोष्टी कुठून आल्या ते वाचत गेले. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र केलं गेलं. डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 'स्नो व्हाइट' (१९३७) याच गोष्टीवर आहे आणि त्यात अर्थातच सावत्र आई आली. आता मुलगी नऊ वर्षांची आहे, म्हणून हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आई अशी वागू शकते हे लिहायचं नव्हतं, म्हणून तुझ्यावर ढकललं?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मला माझी आई वाईट नको होती." तेही मला कळलं.

आणखी एक. या चित्रपटांत आया मरतात किंवा मुळात नसतातच. 'बॅम्बी' (१९४२) मध्ये मरते, 'निमो'मध्ये सुरुवातीच्या काही मिनिटांतच मरते, कितीतरी राजकन्यांना आई नाहीच. नवरा तो भाग पुढे ढकलायचा. एकदा मुलगीच म्हणाली, "बाबा, नको पळवू. तिला काय झालं ते मला बघायचंय." आम्ही तिघं सोफ्यावर रडलो. त्यानंतर तिनं पहिल्यांदा मला तिच्या आईबद्दल विचारलं, म्हणजे तिचे फोटो कुठे ठेवलेत, असं. त्यामुळे रानजाई, दुखरा चित्रपट टाळावाच असं मला वाटत नाही. बघताना मुलाच्या बाजूला कोण आहे, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

माऊ:

उंबरठा, वाचताना गलबलून आलं. लिहिलंत त्याबद्दल आभार.

शब्दवेल:

दिसण्याबद्दल बोललो, ऐकण्याबद्दलही बोलू या. रोझिना लिपी-ग्रीन या भाषाअभ्यासक बाईंनी डिस्नेच्या २४ ॲनिमेशनपटांतली ३७१ पात्रं कशी बोलतात ते तपासलं. त्यांचं पुस्तक १९९७ चं आहे. परक्या वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्यांत दुष्ट पात्रांचं प्रमाण अमेरिकी वळणानं बोलणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. 'अलादीन'च्या सुरुवातीच्याच गाण्यात, चेहरा आवडला नाही तर इथे कान कापतात अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकी लोकांनी आक्षेप घेतल्यावर १९९३ मध्ये ती बदलली. चित्रपट थिएटरात येऊन गेला होता तोवर.

आपली मुलं हे चित्रपट बहुतेक वेळा डब केलेले बघतात. म्हणजे मूळ ठोकळ्यावर आपला एक ठोकळा चढतो. नायक प्रमाण भाषेत बोलतो आणि मठ्ठ हस्तक कुठल्यातरी बोलीत. ती बोली ज्या मुलाच्या घरात बोलली जाते त्यानं काय समजायचं? माझ्या आजीची बोली ऐकून माझा भाचा हसला होता. तो वाईट मुलगा नाही. अशा बोलण्यावर हसायचं असतं, हे त्याला शिकवलं गेलं होतं.

पण एवढ्यावर थांबलो तर तो खोटेपणा होईल. आपली भाषा पाहा. दुजाभाव केला की आपण 'सावत्रपणाची वागणूक' म्हणतो. बेअब्रू झाली की 'तोंड काळं केलं'. मुलगा रडला की 'बायकांसारखा रडू नको'. भित्र्या पुरुषाला 'बांगड्या भर'. हे सगळं मुलं स्वयंपाकघरात, गाडीत, फोनवर आपल्याच तोंडून ऐकतात. चित्रपट वर्षात दहा होत असतील, हे रोज होतं. पडद्यावर बोट ठेवण्याआधी मी स्वतःच्या जिभेपासून सुरुवात केलीय. फार जड जातंय.

कंदील:

शब्दवेल, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. माझ्या नातवाला मी लाडानं 'जाड्या' म्हणतो. तो जन्मला तेव्हापासून. काल त्याला जवळ बसवून विचारलं, तुला हे आवडतं का रे. नाही म्हणाला. आठ वर्षं झाली, मी एकदाही विचारलं नव्हतं.

चित्रपटांबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी अजून सोडलेलं नाही. सगळं सोवळं करून ठेवलं तर गोष्टीत उरणार काय? खलनायक हवाच ना?

रेघोटी:

हवा. फक्त त्याचं वाईटपण त्याच्या वागण्यात दिसावं, कातडीवर नको. मुलांना भीतीही हवी असते, ती मी काढून घ्यायला सांगत नाहीये. आणि खलनायकाशिवायही गोष्ट चालते. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' (१९८८) आहे, दोन बहिणी, आई दवाखान्यात, बाबा सांभाळतात. वाईट असं त्यात कुणीही नाही, तरी धाकटी हरवते तेव्हा काळजाचा ठोका चुकतो.

पाऊलवाट:

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. मुलींबद्दल इथे कुणी फार बोललं नाही म्हणून थोडक्यात लिहिते.

फॉट आणि आयझेनहॉवर या दोन भाषाअभ्यासक बायकांनी २०१६ मध्ये डिस्नेच्या राजकन्यांच्या चित्रपटांतलं बोलणं मोजलं. 'स्नो व्हाइट'मध्ये बायका आणि पुरुष जवळपास निम्मं-निम्मं बोलतात. 'द लिटिल मर्मेड'मध्ये ६८ टक्के बोलणं पुरुषांचं. आणि 'मुलान' (१९९८), जो आपण मुलींना अभिमानानं दाखवतो, त्यात ७७ टक्के पुरुषांचं. नायिका मुलगी, पण सैनिक, सल्लागार, सोबतचा ड्रॅगन, सगळे पुरुष. मी स्वतः 'मुलान' वर्गात दाखवला होता आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

चित्रपट चांगला असूनही बाजार तो बिघडवतो, हेही पाहा. 'ब्रेव्ह' (२०१२) मधली मेरिडा विस्कटलेल्या केसांची, धनुष्यबाण चालवणारी. २०१३ मध्ये राजकन्यांच्या रांगेत बसवताना तिची कंबर बारीक केली, गळा खोल केला, धनुष्य गायब. लाखाहून जास्त सह्यांचा निषेध झाला, चित्रपटाच्या एक दिग्दर्शक ब्रेंडा चॅपमन यांनीही उघड नाराजी व्यक्त केली, तेव्हा ते चित्र मागे घेतलं गेलं. चित्रपट दीड तासात संपतो, पण दप्तरावरचं चित्र वर्षभर पाठीवर असतं.

पण घाबरवणारी अर्धीच गोष्ट सांगणं बरोबर नाही. सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १९८ लहान मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की राजकन्यांच्या विश्वात रमणारी मुलं, मुलगे आणि मुली दोन्ही, वर्षभरानंतर जास्त 'मुलीसारखं' मानलं जाणारं वागत होती. याची खूप चर्चा झाली. त्याच गटानं २०२१ मध्ये ३०७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांनी चित्र वेगळं निघालं. लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलांची स्त्री-पुरुष समानतेबद्दलची मतं जास्त मोकळी होती. मुलाला गुलाबी झगा घालावासा वाटला तर घालू द्या, एवढं तरी मी यातून घेतलं.

सायंतारा:

दोन मुलींचा बाप. माझी चूक सांगतो, कुणाच्या उपयोगी पडली तर.

मी जागरूक पालक व्हायचं ठरवलं आणि दर दहा मिनिटांनी चित्रपट थांबवून समजावू लागलो. हे बघ, इथे मुलीला काही विचारलंच नाही. हे बघ, जाड माणसाला हसतायत. तिसऱ्या चित्रपटाला मोठी म्हणाली, "बाबा, तू नको बसूस आमच्यासोबत." मला फार लागलं. पण तिचं बरोबर होतं. तिला गोष्ट हवी होती आणि मी तिचा आनंद हिसकावत होतो.

आता मी गप्प बसतो. दुसऱ्या दिवशी, बहुतेक शाळेत सोडताना, एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर मला माहीत नसलेला. "तो वाईट आहे हे तुला पहिल्यांदा कधी कळलं?" या प्रश्नानं आमच्याकडे खूप काही बाहेर आलं. धाकटी म्हणाली, "तो आला तेव्हाच." अजून एक अक्षर बोललाही नव्हता. मग कशावरून कळलं, यावर दोघी आपसांतच भांडल्या. मला काही सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या हसण्याची. 'श्रेक' (२००१) मला फार आवडतो. फियोना शेवटी सुंदर राजकन्या होत नाही, राक्षसी रूपातच राहते, हे मी मुलींना कौतुकानं सांगायचो. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) मध्ये बक्षीस म्हणून देखणा राजपुत्र मिळतो, इथे तसं नाही, असंही. आणि त्याच 'श्रेक'मध्ये राजा होऊ पाहणारा फारक्वाड बुटका आहे म्हणून किती विनोद आहेत! शरीरावर हसू नका सांगणारा चित्रपट उंचीवर पोट धरून हसवतो. मी प्रत्येक विनोदाला हसत होतो. एकदा मान वळवली तर धाकटी पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. वर्गातली सगळ्यांत बुटकी तीच आहे.

माऊ:

डिस्नेनं जुन्या चित्रपटांआधी सूचना टाकलीय ना? ती पुरेशी नाही का?

शब्दवेल:

माऊ, २०२० मध्ये 'डंबो', 'पीटर पॅन', 'द ॲरिस्टोकॅट्स' यांसारख्या चित्रपटांआधी डिस्ने प्लसनं सूचना लावली. हे साचे तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्या वर्षी लहान मुलांच्या प्रोफाइलवरून हे चित्रपट काढलेही. कंपनीनं चूक कबूल केली हे मला महत्त्वाचं वाटतं. पण सूचना वाचता येणाऱ्यासाठी असते. पाच वर्षांच्या मुलाला ती कोण वाचून दाखवणार? 'डंबो' (१९४१) मधल्या कावळ्यांच्या म्होरक्याला आखणाऱ्यांनी 'जिम क्रो' नाव दिलं होतं. कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणाऱ्या अमेरिकी कायद्यांना याच नावानं ओळखतात. हे मुलाला त्या वयात सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे त्याच्या घरच्यांनाच ठरवावं लागणार.

रानजाई:

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही नवऱ्याला वाचून दाखवले.

बाईंशी बोलले. त्यांनी मुलाचं नाव न घेता वर्गात विषय काढला. दोन जणांनी नाव ठेवणं सोडलं, पहिला अजून म्हणतो. त्याच्या आईला फोन करायला मला तीन दिवस लागले. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडे पण तो सिनेमा पाठ आहे. मला वाटलं लाडाचं नाव असेल."

'निमो' पाहिला. गिल आला तेव्हा मुलानं मला थांबवायला लावलं, पडद्याजवळ जाऊन बघितलं. पळून जाताना दंतवैद्याच्या अवजारांवर पडलो, असं गिल स्वतःच सांगतो. मुलगा म्हणाला, "याला कुणी स्कार म्हणत नाही." मी म्हटलं, नाही, त्याचं नाव गिल आहे.

मग त्यानंच 'लायन किंग' पुन्हा लावायला सांगितला. मी तयार नव्हते, पण लावला. सायंतारा, मी बोलले नाही, फार कठीण गेलं. संपल्यावर त्यानं विचारलं, "ती जखम त्याला कशी झाली?" १९९४ च्या चित्रपटात ते कुठेच सांगितलेलं नाही. २०२४ च्या 'मुफासा'मध्ये आहे, तो मी शोधून आधी एकटीनं पाहिला होता. मी सांगितलं की त्याचं नाव टाका होतं, त्यानं आधी मुफासाला दगा दिला, पण शेवटी मुफासालाच वाचवताना त्याला ती लागली आणि मग त्यानं स्कार हे नाव घेतलं. तो विचार करत राहिला. म्हणाला, "म्हणजे लागलं तेव्हा तो चांगलं काम करत होता." मी म्हटलं, हो. "आणि वाईट आधी वागला होता." हो.

त्या रात्रीचा प्रश्न मग मीच काढला. म्हटलं, तू विचारलं होतंस तेव्हा मी नीट बोलले नाही, कारण मला स्वतःला धक्का बसला होता. तुझा व्रण झोपाळ्याचा आहे, त्यातून तू कसा आहेस ते कुणाला कळत नाही. तो म्हणाला, "माहितीये." आणि पांघरूण ओढून घेतलं.

आज सकाळी दप्तर भरताना सांगत होता की त्या मुलानं आता स्कार म्हटलं तर ओ द्यायची नाही, नावानं हाक मारली तरच द्यायची. मी शाळेत आत येऊ का विचारलं. नको म्हणाला.